संघटनेच्या ऑफिसातली नोकरी: घेऊ का नको? (सोलापूर)

हुतात्मा_एक्स्प्रेस

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र होतो, हा पहिलाच धागा, चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

मी सोलापूरचाच, जुळे सोलापुरात घर, गेली ९ वर्षं पुण्यात एका कंपनीत ॲडमिनला आहे. गेल्या वर्षी वडिलांची बायपास झाली, आई एकटी पडते, बहीण हैदराबादला, म्हणून वर्षभर शुक्रवारी संध्याकाळी पुण्याहून हुतात्मा आणि सोमवारी सकाळी त्याच हुतात्मानं परत असं चाललंय, आता ते झेपेना. कायमचं गावाकडं यायचं ठरवलंय.

पण सोलापुरात ॲडमिनची नोकरी म्हणजे काय ते तुम्हाला माहितीय. चादर-टॉवेलच्या कारखान्यात मालकाचा पुतण्याच ॲडमिन असतो. हॉस्पिटलात आहे पण तिथं १२ तास. अशात ओळखीच्या एकांनी सांगितलं की एका व्यावसायिक संघटनेला ऑफिस मॅनेजर पाहिजे (कुठल्या व्यवसायाची ते नाही लिहीत, गाव केवढं ते, दोन मिनिटांत कळेल). स्वतःची जागा आहे, वर छोटा हॉल, ४०० च्या आसपास मेंबर, स्टाफ म्हणजे एक क्लार्क आणि एक शिपाई मामा. २२ हजार म्हणालेत. मला पुण्यात ४१ मिळतात, पण भाडं आणि मेस वजा केली तर फार फरक राहत नाही हेही खरंय.

मुलाखत रात्री पावणेदहाला होती. सात जण बसले होते आणि सातही जण एकमेकांना "तुम्ही विचारा, तुम्ही विचारा" करत होते. शेवटी एकानं विचारलं, वेबसाईट बंद पडलीय ती सुरू करता येईल का, आणि दुसऱ्यानं विचारलं, तुम्ही कुणाचे पाहुणे? झाली मुलाखत.

नॉन-प्रॉफिट आहे म्हणे. मग पगार येतो कुठून, तो वाढतो का, बॉस नक्की कोण, रविवारची सुट्टी मिळते का? कुणी अशा ठिकाणी काम केलं असेल तर खरं खरं सांगा.

शेंगाचटणी

सात जण होते म्हणजे सात बॉस बे. अभिनंदन.

पूर्व_भाग

मी कापडवाल्यांच्या एका संघटनेत आहे, ८ वर्षं झाली. ती व्यापाऱ्यांची, व्यावसायिकांची नव्हे, पण ऑफिस ते ऑफिसच. आमच्याकडं एक बरं असतं, मेंबरला संघटना कशाला पाहिजे ते रोकडं कळतं. लाईटचा दर वाढला, जीएसटीची नोटीस आली, सुताचा भाव चढला की सकाळी ११ ला ऑफिस भरलेलं. वर्गणी मागायला लागत नाही, माणूस स्वतः येऊन मागची बाकी भरतो कारण त्याला पत्र पाहिजे असतं. डॉक्टर, इंजिनियर, वकील, सीए यांचं तसं नाही, त्यांचं संघटनेवाचून काही अडत नाही. ज्याचं अडत नाही त्याच्याकडून पैसे काढायचे म्हणजे तुमची निम्मी नोकरी वर्गणीचे फोन करण्यात जाणार. "हो हो पाठवतो" हे वाक्य ऐकायची तयारी ठेवा.

अवांतर: आमच्याकडं सत्काराला शाल नाही, आपली चादर देतात. जीआयचा, म्हणजे अस्सल सोलापुरीचा शिक्का असलेली. पाहुणा पुण्याचा असला तर खूश, सोलापूरचा असला तर त्याच्या घरी तसल्या ४० पडलेल्या असतात.

विजापूर_वेस

धागाकर्ते दादा, मी डॉक्टरांच्या एका संघटनेत १४ वर्षं काढली. (डॉक्टरांच्या संघटना शहरात पॅथीगणिक आणि स्पेशालिटीगणिक आहेत, कुठली ते शोधत बसू नका.) मागच्या दिवाळीला सोडली. चांगलं वाईट दोन्ही सांगते, लांबेल.

आधी बॉस. दरवर्षी नवा अध्यक्ष. पदग्रहण होतं, हार, फोटो, जेवण, आणि दुसऱ्या दिवशी नवे सर ऑफिसात येऊन विचारतात, "मॅडम, आपल्याकडं नेमकं काय काय चालतं?" हे मी १३ जणांना सांगितलंय, एका सरांनी दोन टर्म केल्या म्हणून १३. एका सरांना सगळं पेपरलेस पाहिजे होतं, त्यांनी जुन्या फायली स्कॅन करून घेतल्या, आठ महिने मी आणि क्लार्क तेच करत होतो. पुढचे सर आले ते म्हणाले मला स्क्रीनवर वाचता येत नाही, प्रिंट काढा. त्या स्कॅनच्या प्रिंटांचे गठ्ठे अजून तिसऱ्या कपाटात पडलेत, मूळ फायली पहिल्या कपाटात. एकांनी वेबसाईट केली, डोमेन भाच्याच्या नावावर घेतलं, भाचा ऑस्ट्रेलियाला गेला आणि वेबसाईट पण त्याच्याबरोबर गेली.

ती माणसं वाईट नव्हती, हे पण सांगते. दिवसभर ओपीडी, दोन ऑपरेशनं, आणि रात्री साडेनऊला मीटिंगला हजर. पण त्यांच्या हातात एकच वर्ष असतं आणि त्यात आपल्या नावाचं काहीतरी करून दाखवायचं असतं. मागच्यानं चालू केलेलं पुढं चालवलं तर त्याचा फोटो कोण काढणार? म्हणून ते चालवायचं काम आपल्याकडं. कुणी आजीव वर्गणी १९८७ साली भरली आणि तिची पावती कुठल्या पुस्तकात आहे, हॉलचं कुणाचं डिपॉझिट द्यायचं राहिलंय, कुठल्या दोन डॉक्टरांना स्टेजवर शेजारी बसवायचं नाही, घटनेत यातलं एक अक्षर नसतं. सगळं आपल्या डोक्यात. पत्रिका छापताना तर माझं बीपी वाढायचं. नावांचा क्रम! वयानं मोठे, पदानं मोठे, आणि देणगीनं मोठे हे तीन वेगवेगळे लोक असतात आणि तिघांनाही पहिल्या ओळीत यायचं असतं.

दुसरं म्हणजे बाहेरच्या लोकांचे फोन. आठवड्याला एक तरी असायचाच, "तुमच्या डॉक्टरनं असं केलं, त्याचं लायसन रद्द करा." लोकांना वाटतं संघटना म्हणजे सरकार. अहो, रजिस्ट्रेशन देणं आणि काढून घेणं हे मेडिकल कौन्सिलचं काम, ती कायद्यानं स्थापन झालेली, तिचं ऑफिस मुंबईला. संघटना म्हणजे डॉक्टरांनी स्वतःहून एकत्र येऊन काढलेली, फार तर मेंबरशिप काढून घेईल. हे रडणाऱ्या माणसाला फोनवर समजावणं सोपं नाही. एकदा एक बाई पंढरपूरहून एसटीनं आल्या, नवऱ्याचे सगळे रिपोर्ट पिशवीत घेऊन. मी त्यांना पाणी दिलं, कौन्सिलला अर्ज कसा करायचा ते कागदावर लिहून दिलं, सोबत काय काय जोडायचं ते सांगितलं. संध्याकाळी एका पदाधिकाऱ्यांनी मला विचारलं, मॅडम, आपण नक्की कुणाच्या बाजूनं आहोत? मी म्हटलं सर, पत्ताच तर दिला. ते काही बोलले नाहीत. पण पुढचे चार दिवस ऑफिसात चहा माझ्याशिवाय झाला.

तिसरं, सीएमई, म्हणजे डॉक्टरांच्या पुढच्या शिक्षणाची व्याख्यानं. महाराष्ट्रात डॉक्टरांना दर ५ वर्षांनी रजिस्ट्रेशन नूतनीकरणाला ३० क्रेडिट पॉइंट लागतात, त्यामुळं व्याख्यानाला गर्दी किती हे विषयावर कमी आणि पॉइंटवर जास्त. सही करून मागच्या दारानं निघणारे असतात. आणि रविवारी रात्री फोन येतो, "मॅडम, माझी सही राहिली वाटतं, बघा ना जरा." हजेरीचं रजिस्टर आपल्या हातात. मी कुणाचीच केली नाही. त्यात काही शूरपणा नाही, एकाची केली असती तर पुढच्या महिन्यात ४० जणांची करावी लागली असती.

चांगलं काय? २०२१ ला दुसऱ्या लाटेत सासूबाईंचं ऑक्सिजन ८४ वर आलं, गावात बेड नव्हता. मी ग्रुपवर एक ओळ टाकली. अकराव्या मिनिटाला फोन आला. सासूबाई आज शेंगापोळ्या करतायत. ते विसरता येत नाही.

आणि एक असं, ते चांगलं का वाईट मला अजून कळलेलं नाही. वर्षातून एकदा सगळ्या मेंबरांना वार्षिक सभेची नोटीस पोस्टानं जायची. त्यातली वीस-पंचवीस परत यायची, आणि काहींवर घरच्यांनी पेनानं लिहिलेलं असायचं, "डॉक्टर आता नाहीत." मेंबर गेल्याचं आम्हाला असं कळायचं. मग मी यादीत नावापुढं खूण करायची. एकदा एका गेलेल्या सरांच्या मिसेसनी नोटीस परत पाठवली आणि आत पुढच्या वर्षाची वर्गणी ठेवली होती. नाव चालू ठेवा म्हणून.

आता सोडली का ते. पगारवाढ मागितली की "कमिटीपुढं ठेवू", कमिटी म्हणायची "नव्या कमिटीला ठरवू दे", आणि नवी कमिटी विचारायची "मॅडम, आपल्याकडं काय काय चालतं?" १४ वर्षांत तीन वेळा वाढ. सोडली तेव्हा १६,५००. शेवटच्या वर्षी पदग्रहणाच्या स्टेजला फुलांचंच बिल ३८ हजार झालं, चेक मीच टाईप केला होता.

शेंगाचटणी

ताई _/\_

त्या वर्गणीचं वाचून मोबाईल खाली ठेवला.

जुना_मानद_सचिव

विजापूर वेस ताईंचं बरंचसं पटलं, पण दुसऱ्या बाजूनं कुणी बोलत नाही म्हणून लिहितो. मी इंजिनियर, आमच्या संघटनेचा दोन वर्षं सचिव होतो. मानद. मानद म्हणजे काय ते ज्यानं केलंय त्यालाच कळतं, म्हणजे साईट सोडून बँकेत सह्या बदलायला जायचं, आपल्या पेट्रोलनं, आणि बायकोनं विचारायचं "तुम्हाला याचे किती मिळतात?" दरवर्षी पदाधिकारी बदलले की बँकेत सगळ्यांचं केवायसी नव्यानं, ठराव, फोटो, आधार, आणि मॅनेजर म्हणणार ठरावावर गोल शिक्का नाही. जुना अध्यक्ष रुसला असेल तर त्याची सही मिळवायला त्याच्या घरी दोनदा जाऊन नाष्टा करावा लागतो.

वार्षिक सभेचं सांगतो. नोटीस ६ ची. साडेसहाला आम्ही नऊ जण. कोरम नाही म्हणून सभा तहकूब, अर्ध्या तासानं त्याच जागी तीच सभा परत सुरू, आमच्या घटनेप्रमाणं मग कोरम लागत नाही. पावणेआठला हिशोब मंजूर. साडेआठला जेवण सुरू झालं तेव्हा १६० माणसं. त्यातल्या एकानं हातात भजी घेऊन मला विचारलं, "हिशोब कधी मांडणार?"

आणि पगार का वाढत नाही? कारण मेंबर वाढवू देत नाहीत. वार्षिक वर्गणी २०० रुपयांनी वाढवायचा ठराव मी आणला, दोन तास चर्चा, शेवटी पुढच्या वर्षावर ढकलला. त्याच सभेत गोव्याची फॅमिली टूर १० मिनिटांत पास. तर कमिटी दुष्ट असते असं नसतं. आम्हाला पण ते लाजिरवाणं वाटायचं.

पण स्टाफनं पण थोडं समजून घ्यावं ना, आम्ही फुकट करतो.

विजापूर_वेस

सर, राग मानू नका पण तुम्ही फुकट करता म्हणून आम्ही पण जवळपास फुकट करावं, यातच सगळी गंमत आहे. तुम्हाला संध्याकाळी फुकट करायला परवडतं कारण दिवसा तुमचा धंदा आहे. आमचा दिवस पण तोच आणि संध्याकाळ पण तीच. तुमच्या नावापुढं "माजी सचिव" लागतं, ते जन्मभर राहतं, मुलाच्या लग्नाच्या पत्रिकेत पण येतं. आमचं काय? स्मरणिकेत शेवटच्या पानावर "कार्यालयीन सहकार्य".

जुना_मानद_सचिव

गोळी बरोबर लागली. स्मरणिकेचं शेवटचं पान मीच लावायचो.

ताळेबंद

सीए आहे, अशा चार-पाच संस्थांचं ऑडिट करतो, त्यामुळं माझा प्रतिसाद रुक्ष वाटेल. माफी.

ना नफा याचा अर्थ नफा करायचा नाही असा नाही ओ. शिल्लक राहू शकते, ती मेंबरांनी वाटून घ्यायची नाही एवढंच. पगार हा साधा खर्च आहे, तो योग्य दिला म्हणून कुठलीही सवलत जात नाही. "आपली ना-नफा संस्था आहे, त्यामुळं पगार एवढाच" असं कुणी म्हणालं तर त्याला कायदा माहिती नाही किंवा तुम्हाला माहिती नसावा अशी त्याची इच्छा आहे.

आपल्याकडं अशी संस्था बहुतेक वेळा दोन कायद्यांखाली नोंदलेली असते, १८६० चा सोसायटी नोंदणी कायदा आणि १९५० चा सार्वजनिक विश्वस्त व्यवस्थेचा कायदा. लेटरहेडवर एफ नंबर (ट्रस्टच्या नोंदणीचा) दिसला की समजायचं. मग धर्मादाय आयुक्तांकडचं काम आलं. पदाधिकारी बदलले की कलम २२ खाली ९० दिवसांत बदल अर्ज टाकायचा. दरवर्षी निवडणूक म्हणजे दरवर्षी बदल अर्ज, आणि मागच्या वर्षीचा मंजूर नसताना पुढचा. माझ्याकडं एक संस्था आली होती, तिच्या रेकॉर्डला विश्वस्त म्हणून जी नावं होती त्यातले तिघं वारलेले होते आणि एक अमेरिकेत. हा ढीग मॅनेजरच्याच टेबलावर असतो, म्हणून रुजू व्हायच्या आधी एकच प्रश्न विचारा, शेवटचा मंजूर बदल अर्ज कुठल्या वर्षाचा? उत्तर द्यायला कोण किती वेळ घेतं त्यावरून ऑफिस कळेल.

इन्कम टॅक्सची १२ए ची (करसवलतीची) नोंदणी पूर्वी एकदा मिळाली की कायमची असायची, १ एप्रिल २०२१ पासून ती मुदतीची झाली, बहुतेकांना ५ वर्षांची मिळाली. ती चालू आहे का बघा. आणि मेंबर लोक हमखास विचारतील, "माझ्या वर्गणीची ८०जी ची पावती द्या." द्यायची नाही. ८०जी ची करसवलत देणगीला असते, आणि वर्गणी म्हणजे देणगी नव्हे. हे तुम्ही क्लार्कच्या तोंडानं सांगितलं तर भांडण, माझ्या पत्रानं सांगितलं तर "बरं बरं".

जीएसटीचं वेगळंच. स्वतःच्याच मेंबरांना दिलेल्या सेवेवर टॅक्स कसा हा जुना वाद, २०२१ मध्ये कायद्यात दुरुस्ती करून तो १ जुलै २०१७ पासूनच लागू केला. एप्रिल २०२५ मध्ये केरळ हायकोर्टानं ती दुरुस्ती घटनाबाह्य ठरवली, तिथं डॉक्टरांचीच संघटना कोर्टात गेली होती. पण आपलं ऑफिस केरळात नाही, सोलापुरात आहे. स्टॉलचं भाडं, बॅनरचे पैसे, हॉलचं भाडं सगळं मिळून २० लाखांच्या वर जातं का तेवढं बघत राहायचं.

आता तुमच्या कामाचं. तीन जणांच्या ऑफिसला पीएफ सक्तीचा नाही, तो २० माणसांना. ग्रॅच्युइटी आणि ईएसआय (कामगार विमा) १० माणसांना. दुकानं-आस्थापनांचा २०१७ चा कायदा पण तीन जणांच्या ऑफिसला पूर्ण लागत नाही. म्हणजे तुमच्याकडं संरक्षण म्हणाल तर नेमणुकीचं पत्र, बस. त्यात सगळं लिहून घ्या. पीएफ ऐच्छिक सुरू करता येतो, मालक आणि बहुसंख्य कर्मचारी तयार असले की झालं, आणि तिघांत बहुसंख्य म्हणजे दोघं. मामांना पटवा.

आणखी एक. ताईंनी बेडचं सांगितलं, ते मोठंच आहे, पण उपकार पगारात धरू नका. संस्था नेमकं तेच करते.

दादरकर

मी मुंबईला एका अखिल भारतीय संघटनेच्या मुख्य ऑफिसात आहे. वाचताना वेगळ्या ग्रहावरचं वाटलं. आमच्याकडं ६०-७० जणांचा स्टाफ, वर पगारी महासचिव, मेंबरशिप वेगळी, परिषदांचं वेगळं, जर्नलचं वेगळं. पीएफ, मेडिक्लेम, सगळं. अध्यक्ष बदलला तरी माझ्या टेबलापर्यंत त्याचा वारा येत नाही.

पण एक गोष्ट तीच. निवडणूक. मतदार यादी कर्मचाऱ्याच्या हातातली असते, म्हणजे थकबाकी कुणाची, पात्र कोण, पत्ता कुठला. दोन्ही पॅनेलवाले गोड बोलायला लागतात. कुणाच्या गाडीत बसू नका, कुणाचा डबा खाऊ नका.

विजापूर_वेस

दादरकर, अगदी. आमच्याकडं ३१ मार्चपर्यंत वर्गणी भरेल तो मतदार. एका वर्षी एका सरांनी ३१ तारखेला रात्री ११:५० ला एकदम २६ जणांचे पैसे स्वतःच्या यूपीआयवरून टाकले. आता हे २६ मेंबर पात्र का नाही? दोन्हीकडचे मला फोन. मी स्टेटमेंटची प्रिंट काढून निवडणूक अधिकाऱ्यांच्या टेबलावर ठेवली आणि हुरडा पार्टीचे हिशोब करत बसले.

शेंगाचटणी

हुरडा पार्टीचं पण सांगा की ताई, सगळं गोडच सांगायलाव.

विजापूर_वेस

काय सांगू. "कौटुंबिक हुरडा पार्टी, नावनोंदणी आवश्यक." नोंदणी ११०. आले २७०. शेतमालक मेंबरचेच साडू. हुरडा संपला, मग शेंगा भाजल्या, मग कडक भाकरी आणि शेंगाचटणी, मग मामांना मोटारसायकलवर गावात पिटाळून भजी आणली. आणि ती पार्टी कधीच गड्ड्याच्या आठवड्यात ठेवू नका हे मी सहा अध्यक्षांना सांगितलं, त्यातल्या दोघांनी ऐकलं. संक्रांतीला सिद्धेश्वराच्या यात्रेला अर्धं सोलापूर होम मैदानाकडं असतं, वाढायला माणूस मिळत नाही.

औषधी_विद्या

इतका वेळ वाचत होतो. मी औषध कंपनीत एरिया मॅनेजर, म्हणजे ताईंच्या ऑफिसातल्या खुर्चीवर पिशवी घेऊन बसणारा तो मी. मार्च २०२४ ला सरकारनं औषध कंपन्यांच्या मार्केटिंगची नवी संहिता आणली, डॉक्टरांच्या प्रवासाचा, हॉटेलचा खर्च आम्हाला करता येत नाही, व्याख्याता असेल तर गोष्ट वेगळी. सीएमईला मदत करता येते पण सगळं कागदावर पाहिजे. त्यामुळं आता मी पण संघटनेच्या मॅनेजरकडं पत्र मागतो, कार्यक्रमपत्रिका मागतो, पावती मागतो. अध्यक्ष म्हणतात "अरे, आपलं घरचंच आहे", आणि मी हळूच मॅडमकडं बघतो. धागाकर्ते, तुम्ही घेतलीत तर कृपा करून पावती वेळेवर द्या, माझा पण वरून फोन असतो.

हुतात्मा_एक्स्प्रेस

सगळ्यांचे आभार, एवढं कुणी लिहील असं वाटलं नव्हतं. बायकोला पण वाचून दाखवलं. ती म्हणाली ३८ हजाराच्या फुलांचं वाचून पण तुला जायचंय?

ताळेबंद सरांनी सांगितलेला प्रश्न फोनवर विचारला. बदल अर्जाचं वर्ष. समोरून बराच वेळ काही नाही, मग "सांगतो", मग दोन दिवसांनी क्लार्कचा मेसेज, "सर २०१९". नेमणुकीचं पत्र मागितलं तर म्हणाले तुम्हीच ड्राफ्ट करून आणा. केला. त्यात वाढीचा महिना लिहिला, रविवारी कार्यक्रम असला तर सोमवारी सुट्टी लिहिली, आणि रजा कोण मंजूर करणार तिथं एकच पद लिहिलं, सचिव. त्यांनी फक्त एक बदल केला, "ऑफिस मॅनेजर" चं "कार्यालयीन व्यवस्थापक" केलं. सही झाली.

का घेतली ते विचाराल तर खरं सांगू, वडिलांचं सहा महिन्याला चेकअप असतं. आणि हे लिहिताना ताळेबंद सर रागावतील माहितीय.

ताळेबंद

रागावत नाही. वाढीचा महिना लिहिलात, पुरे.

जुना_मानद_सचिव

पत्र स्वतः ड्राफ्ट केलं म्हणजे तुमची पहिल्या दिवसापासूनच नोकरी सुरू झाली मालक.

हुतात्मा_एक्स्प्रेस

तीन आठवड्यांनी अपडेट देतोय. रुजू होऊन ११ दिवस झाले. इतिवृत्ताचं चालू पुस्तक माजी सचिवांच्या स्कूटरच्या डिकीत सापडलं, गेल्या सप्टेंबरपासून तिथंच होतं, दोन पानांवर डाळीचे डाग. आजच नव्या अध्यक्षांनी विचारलं, आपल्याकडं काय काय चालतं.

दुसरं म्हणजे, वरच्या कप्प्यात मतदार यादीच्या जुन्या प्रती आहेत त्यात काही नावांपुढं पेन्सिलनं छोटी फुली आहे, आणि एका नावापुढं फुली पण आहे आणि दर वर्षीची वर्गणी पण जमा आहे. क्लार्कला विचारलं तर म्हणाला ते मॅडमना माहिती. आणि तिसऱ्या कपाटात...

ताई, तिसऱ्या कपाटात सगळे स्कॅनच्या प्रिंटांचे गठ्ठे आहेत ओ.

शेंगाचटणी

बे!!

पूर्व_भाग

आई शपथ. चहा सांडला.

विजापूर_वेस

मला मुलाखतीतल्या वेबसाईटवरूनच शंका आली होती, पण म्हटलं सगळ्यांचीच वेबसाईट कुणाच्या तरी भाच्याबरोबर गेलेली असते.

दादा, फुली असलेलं ते नाव खोडू नका. बाईंचे पैसे जानेवारीत पाकिटातून येतात, नोटेसकट चिठ्ठी असते, पावती सरांच्या नावानंच करायची आणि पोस्टानं पाठवायची, फोन करायचा नाही.

छोट्या कपाटाची किल्ली हॉलमधल्या घड्याळाच्या मागं आहे. मामांना विचारू नका, ते नाही म्हणतील, मीच सांगून ठेवलंय.

आणि मला १४ वर्षांनी १६,५०० आणि तुम्हाला पहिल्याच दिवशी २२ हजार. तुमची काही चूक नाही त्यात. पण १९८७ ची पावती पुस्तकं आता तुमची तुम्ही शोधा.

विजापूर_वेस

जिन्याखालच्या ट्रंकेत आहेत. निळ्या.